हाड लांबवण्याच्या शस्त्रक्रियेआधी शरीर कसे तयार करावे?

एकपाऊल (धागाकर्ता) :

नमस्कार. लहानपणी गुडघ्याच्या जरा खाली हाड मोडले, त्यात हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती दुखावली गेली आणि पुढच्या काही वर्षांत माझी डावी नडगी उजवीपेक्षा ४ सेंटीमीटरने आखूड राहिली. प्रौढ वयात रिंग फिक्सेटर (पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारा-पिनांनी हाडाशी जोडलेली कड्यांची फ्रेम) लावून ती लांबवून घेतली; फ्रेम निघूनही आता बराच काळ लोटला आहे. शस्त्रक्रिया कशी करतात याबद्दल वाचायला पुष्कळ मिळते. परंतु निर्णय झाल्यापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत जे महिने हाताशी असतात, त्यांत शरीराकडून काय करून घ्यायचे, हे मला त्या वेळी कोणी नीट सांगितले नाही. एका ठिकाणी तर "आधी ऑपरेशन होऊ द्या, व्यायामाचे मग बघू" असे सांगून मला परत पाठवले आणि त्यात दोन महिने गेले. ते दोन महिने किती मोलाचे होते हे मला पुढे कळले, म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हाड काळजीपूर्वक कापतात, साधारण आठवडाभर तसेच राहू देतात आणि मग त्याची दोन टोके दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर नेतात. मधल्या फटीत नवे हाड धरत जाते. माझ्या फ्रेमच्या आट्यांच्या दांड्यांवर नट होते. नट एक पूर्ण फेरा फिरवला की १ मिलिमीटर, म्हणून दर सहा तासांनी पाव फेरा, असा हिशेब होता. चाळीस दिवस मी १० नंबरचा पाना उशाशी ठेवून झोपलो. लांबी मिळाल्यावर ते कोवळे हाड घट्ट होण्यास त्याहून दुप्पट किंवा अधिक काळ लागतो, म्हणजे सगळे सुरळीत गेले तरी एका सेंटीमीटरमागे महिना ते दीड महिना फ्रेम पायावर असते.

आता मुद्द्यावर येतो. हाड कापलेले असते, पोटरीचा स्नायू कापलेला नसतो. हाडाला वाढण्यासाठी फट करून दिलेली असते. स्नायू, शिरा, रक्तवाहिन्या, त्वचा यांना मात्र आहे त्याच लांबीतून ताणले जावे लागते. स्नायूही नवे तंतुखंड जोडून लांब होतो, पण तो हाडाच्या मागे रेंगाळत येतो आणि जी तूट राहते ती सांध्याकडून वसूल करतो. नडगी लांबवताना पोटरी टाच वर खेचते, पाऊल चवड्यावर उभे राहू लागते आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकू पाहतो. माझ्या बाबतीत तर आणखी एक अडचण होती. आखूड पायाचे लोक जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी वर्षानुवर्षे चवड्यावर चालतात, त्यामुळे त्यांची पोटरी शस्त्रक्रियेआधीपासूनच आखडलेली असते. मला ते जाणवलेही नव्हते, कारण तीच माझी चाल होती.

ते जाणवून दिले एका साध्या मोजमापाने. भिंतीसमोर उभे राहायचे, पावलाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे ठेवायचा आणि टाच जमिनीवरून तसूभरही न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. गुडघा टेकत असेल तर पाऊल आणखी मागे न्यायचे, आणि जिथे टाच सुटू लागते तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे. माझ्या उजव्या पायाचे अंतर १० सेंटीमीटर होते, डाव्याचे ३. जमिनीवर खडूने रेघ ओढून मी दर रविवारी ते मोजत असे. पाच महिन्यांत डावा पाय साडेसातवर आला. पुढे लांबी वाढवताना महिन्याभरात ही सगळी कमाई खर्च झाली आणि शेवटच्या आठवड्यात घोटा जेमतेम काटकोनापर्यंत येत होता. मूळच्या ३ सेंटीमीटरवरून सुरुवात केली असती तर टाच जमिनीला लागली नसती, असे माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे मत होते आणि मला ते पटते. आधीचा प्रत्येक सेंटीमीटर पुढे खर्चायला ठेवलेली शिल्लक आहे, असे समजून जे काम करायचे ते करावे.

माझे अनुभव नडगीचे आहेत. मांडीच्या हाडाबद्दल, लहान मुलांबद्दल आणि तपासण्यांबद्दल जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

निरभ्र :

धागा वाचून धीर आला. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचे उजव्या मांडीचे हाड जन्मतःच आखूड आहे. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी लांबवण्याचे सुचवले आहे. इतक्या लहान वयात व्यायाम कितपत करून घ्यावा, आणि आपण सांगितलेले भिंतीचे मोजमाप मांडीसाठीही चालेल का? तो कंटाळा करतो, आणि त्याच्यावर सक्ती करताना माझाच जीव कासावीस होतो.

सांधेजोड :

निरभ्रताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हाड लांबवलेल्या रुग्णांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या प्रश्नाकडे येते, पण आधी मांडी आणि नडगी यांतला फरक सांगते, कारण त्यावरच तयारी ठरते.

एकपाऊल यांनी पोटरीचे लिहिले आहे ते बरोबर आहे, फक्त पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात हे ध्यानात घ्यावे. वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणून तो ताणायचा तर गुडघा सरळ ठेवावा लागतो. आतला स्नायू गुडघ्याखालून निघतो, त्याला ताण गुडघा वाकवूनच मिळतो. भिंतीचे मोजमाप या आतल्या स्नायूचे आणि घोट्याच्या सांध्याचे आहे. बरेच लोक एकच प्रकार करतात आणि दुसरा स्नायू तसाच राहून जातो. नडगी लांबवताना गुडघा वाकलेला राहतो तो मुख्यतः त्या वरच्या स्नायूमुळे.

मांडीचे हाड लांबवताना चित्र वेगळे असते. मांडीच्या पुढचा स्नायू आवळला की गुडघा वाकेनासा होतो. मागचे स्नायू आवळले की गुडघा सरळ होत नाही. जांघेच्या आतले स्नायू पाय मध्याकडे ओढतात आणि खुब्याच्या पुढचे स्नायू मांडी पोटाकडे. मांडीच्या बाहेरच्या बाजूने खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा जो जाड पट्टा आहे, तो तर इतका चिवट असतो की अनेक शल्यविशारद हाड कापतानाच तो सैल करून ठेवतात. म्हणून मांडीच्या तयारीत एका व्यायामाने भागत नाही. पालथे झोपून टाच नितंबाकडे आणणे, उताणे झोपून सरळ पाय उचलणे, पलंगाच्या कडेला झोपून एक गुडघा छातीशी धरून दुसरी मांडी खाली सोडणे, आणि पाय फाकवून बसणे, या चारही दिशा रोज व्हायला हव्यात. प्रत्येक ताण निदान अर्धा मिनिट स्थिर धरावा, झटके देऊ नयेत, आणि तीन-चार वेळा करावा. दिवसातून एकदा तासभर घाम गाळण्यापेक्षा तीन वेळा दहा-दहा मिनिटे केलेले अधिक लागू पडते. शस्त्रक्रियेनंतरचा दिनक्रमही असाच असणार आहे, त्यामुळे ही सवय आधीच अंगवळणी पडते.

निरभ्रताई, जन्मतः आखूड असलेल्या मांडीच्या हाडाबाबत एक गोष्ट आपण डॉक्टरांशी आवर्जून बोलावी. अशा मुलांच्या गुडघ्यातील क्रुसिएट अस्थिबंध (सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे, गुडघा जागी धरणारे बंध) पुष्कळदा कमकुवत असतात किंवा नसतातच, आणि खुब्याची खोबणीही कधी कधी उथळ असते. अशा वेळी हाड लांबवताना सांधा जागचा सरकू शकतो. म्हणून खुब्याची खोबणी पुरेशी खोल आहे का हे आधी पाहतात, गरज पडल्यास ती आधी दुरुस्त करतात, आणि काही वेळा फ्रेम गुडघ्यापलीकडे नेऊन बिजागरीने जोडतात. मुलाचा व्यायाम ठरवण्यापूर्वी हे कळायला हवे, कारण सैल गुडघ्याला चुकीच्या दिशेने ताण देणे धोक्याचे आहे. एकदा दिशा ठरली की सक्ती नको, मोजमाप त्याच्याच हाती द्या. पालथे झोपल्यावर टाच आणि नितंब यांत किती अंतर उरते ते त्याने स्वतः पट्टीने मोजून वहीत लिहावे. आकडा कमी होताना दिसला की मुले आपणहून करतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

उंचवटा :

माझा विषय थोडा वेगळा आहे, इथे विचारलेला चालेल अशी आशा आहे. माझे दोन्ही पाय सारखे आहेत. मला उंची वाढवण्यासाठी दोन्ही मांड्यांच्या हाडांत चुंबकीय खिळा (फ्रेमऐवजी हाडाच्या आत बसणारी, हळूहळू लांबवता येणारी सळई) बसवून घ्यायचा आहे. मी नियमित वजने उचलतो आणि माझ्या मांड्या भक्कम आहेत. स्नायू जितके पिळदार तितके लवकर बरे वाटेल, या समजुतीने सध्या पायांचा व्यायाम वाढवला आहे. तो योग्य आहे का? आणि मी दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवल्या तर पुरे का?

सांधेजोड :

ताकद उपयोगाची आहे. पण ताणायची तयारी नसलेला पिळदार स्नायू लांबी वाढवताना अधिक विरोध करतो. म्हणून वजने सोडू नका, मात्र ती सांध्याच्या पूर्ण हालचालीतून, स्नायू लांब होत असताना भार हळू सोडत करा. खरी ताकद आपल्याला वरच्या अंगात लागणार आहे. दोन्ही पायांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया झाली की कित्येक आठवडे पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून वॉकरवर जाणे हातांवर असते. दंडाचा मागचा स्नायू, खांदे खाली दाबून धरणारे पाठीचे स्नायू आणि मनगट यांचा व्यायाम आतापासून करा. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकवून, पायांवर भार न देता शरीर उचलणे, हा एक व्यायाम जरी नीट जमला तरी पहिले दोन आठवडे पुष्कळ सुसह्य होतात.

वजनाबद्दल एक तांत्रिक बाब. चुंबकीय खिळा बाहेरून मांडीवर ठेवलेल्या यंत्राने लांबवतात, आणि त्या यंत्रातले चुंबक व हाडातला खिळा यांतले अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असले तर खिळा नीट लांबत नाही. मांडीवर चरबीचा किंवा स्नायूंचा फार जाड थर असेल तर हे अडते. शिवाय हाड भरेपर्यंत खिळ्यावर किती भार टाकायचा यालाही मर्यादा असते. म्हणून वजन कमी करायचे असल्यास ते आधीच्या महिन्यांत, सावकाश करावे. शस्त्रक्रियेच्या तोंडावर उपास करून वजन उतरवणे म्हणजे हाडाच्या तोंडचा घास काढणे आहे.

शुद्धहवा :

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून धूम्रपानाच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. आठवडा पुरेसा नाही. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि नवे हाड धरते ते त्या फटीत शिरणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांच्या आधारावर. फुप्फुसांच्या दृष्टीने निदान चार ते सहा आठवडे आधी थांबायला हवे, आणि हाडाच्या दृष्टीने हाड पक्के होईपर्यंत पुन्हा सुरू करता कामा नये. तंबाखू, मिश्री आणि ई-सिगारेट यांनाही हेच लागू आहे. निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी वापरत असाल तर तेही शल्यविशारदांना सांगा, कारण त्यातही निकोटीन आहेच. उंचवटा, आपल्या दोन्ही मांड्यांच्या हाडांच्या पोकळीत खिळा जाणार आहे. त्या वेळी मज्जेतील चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसांत अडकण्याचा धोका असतो. तो सर्वांनाच असतो, पण ज्याची फुप्फुसे आधीच त्रासलेली आहेत त्याच्याकडे तो सोसायला राखीव बळ कमी असते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. सिगारेट सोडणे ही या सगळ्या तयारीतली आपल्या स्वतःच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, म्हणून लिहिते.

रक्ताच्या तपासण्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नसतो, त्या तीन महिने आधी कराव्यात. ड जीवनसत्त्वाची पातळी रक्ताच्या दर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती भरून येण्यास दोन ते तीन महिने लागतात. बहुतेक जण ती ३० च्या वर असावी असे पाहतात. लोहाचे साठे भरण्यासही तेवढाच काळ लागतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आलेली हवी, अन्यथा जंतुसंसर्ग आणि हाड न धरणे या दोन्हींची शक्यता वाढते. प्रौढांना रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

औषधांची यादी लपवू नका, आणि त्यात काढे, वनस्पतींचे अर्क, माशाच्या तेलाच्या गोळ्या हे सगळे धरा, कारण यांतील काहींनी रक्त गोठण्यावर परिणाम होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी ते महिनाभर आधी सांगावे. पायातील शिरांत गुठळी होण्याचा धोका त्यांनी वाढतो. ज्यांना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय आहे त्यांनी ती आताच मोडावी. ही औषधे हाड तयार होण्यात अडथळा आणतात असे मानले जाते, त्यामुळे लांबी वाढवण्याच्या काळात अनेक शल्यविशारद ती देत नाहीत. दुखणे दुसऱ्या औषधांवर काढावे लागते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

एकपाऊल (धागाकर्ता) :

शुद्धहवा ताई, मनापासून आभार. तीन महिने आधी तपासणी करण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझे ड जीवनसत्त्व १४ निघाले होते आणि त्यामुळे तारीख पुढे गेली होती. त्या वेळी मी खट्टू झालो होतो, पण तेच वाढीव महिने पोटरीला मिळाले.

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली दातांची आणि त्वचेची. किडलेला दात, नखुरडे, बोटांच्या बेचक्यांतली बुरशी, हे सगळे आधी बरे करून घ्यावे. फ्रेमच्या तारा आणि पिना महिनोन्‌महिने त्वचेतून आरपार असतात आणि त्यांच्या भोवती थोडाफार संसर्ग बहुतेक सर्वांना होतोच. त्यात बाहेरून भर नको. पायावरचे केस आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने काढू नयेत, बारीक ओरखड्यांत जंतू बसतात.

दुसरी गोष्ट झोपेची, आणि ही मी चुकलो म्हणून सांगतो. पाय दुखत असला की गुडघ्याखाली उशी घ्यावीशी वाटते. गुडघा जरा वाकला की पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू सैल पडतात, कळ थांबते आणि डोळा लागतो. मी दुसऱ्या आठवड्यात पाच रात्री अशी उशी घेतली. सहाव्या दिवशी सकाळी गुडघा पूर्ण सरळ होईना. पलंग आणि गुडघ्याची खोबण यांच्यामध्ये माझा पालथा पंजा सहज जात होता. ते अंतर मिटवायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत नटाचे फेरे चालूच होते. उशी घ्यायची तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने खाली सुटतो. हे ऐकायला सोपे आहे, पण दुखऱ्या पायाने रात्री दोन वाजता ते नव्याने शिकता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीपासून उताणे, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन झोपण्याचा सराव करावा. मी कुशीवर झोपणारा आहे. मला तो सराव करायला हवा होता.

कुबड्यांबद्दलही तसेच. त्या आधी आणून, उंची जुळवून, पायऱ्या चढण्या-उतरण्याचा सराव धडधाकट असतानाच करावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि लांबवायचा पाय आधी, हा क्रम पायांत मुरला पाहिजे.

खिळापट्टी :

माझे उजवे मांडीचे हाड अपघातानंतर आखूड जुळले होते, ते खिळ्याने ५ सेंटीमीटर लांबवले. उंचवटा यांना एवढेच सांगेन की खिळा आत असतो म्हणून हे सोपे आहे असे समजू नका. पिनांचा त्रास नाही, पण स्नायूंचा ताण तोच आहे. माझा गुडघा शस्त्रक्रियेआधी १३५ अंशांपर्यंत वाकत होता, लांबी संपताना ६० वर आला आणि परत १२० वर यायला आठ महिने लागले. शल्यविशारद दर दोन आठवड्यांनी गुडघ्याचा कोन पाहत आणि त्यावर गती ठरवत. एकदा त्यांनी चार दिवस थांबवले. म्हणजे पायाला किती लांबी मिळणार हेसुद्धा शेवटी आपल्या सांध्यांवर अवलंबून राहते. आणखी एक, उंचीसाठी हे करणाऱ्यांना अनेक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगतात. ती भेट टाळू नका आणि तिथे मोकळेपणाने बोला. दुखणे, अपुरी झोप आणि परावलंबन हे महिने-महिने चालते. त्या काळात आपण हे कशासाठी करतो आहोत याचे उत्तर स्वतःपाशी पक्के हवे.

उंचवटा :

सर्वांचे आभार. मी शस्त्रक्रिया चार महिने पुढे ढकलतो आहे. सिगारेट आजपासून बंद. गुडघा किती वाकतो ते काल मोजले. पालथे झोपून टाच नितंबाला लागत नाही, वीतभर अंतर उरते. इतकी वर्षे पायांचा व्यायाम करूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

निरभ्र :

सांधेजोड ताई, डॉक्टरांना विचारले. खुब्याची खोबणी ठीक आहे, गुडघा मात्र थोडा सैल आहे, म्हणून फ्रेमला गुडघ्याशी बिजागरी लावणार आहेत. पालथे झोपून टाच आणण्याचा व्यायाम करायला त्यांनी परवानगी दिली. मुलाने काल स्वतःच पट्टी घेतली आणि दोन्ही पायांची नोंद केली, डावा ४ सेंटीमीटर, उजवा ११. एक विचारायचे राहिले. टाच वर आणताना त्याचे कंबरडे उचलले जाते. तसे चालेल का?

सांधेजोड :

चालणार नाही, ताई. कंबर उचलली की मांडीच्या पुढचा स्नायू खुब्यापाशी सैल होतो आणि पट्टीवरचा आकडा खोटा येतो. त्याच्या पोटाखाली एक पातळ उशी ठेवा, आपला एक तळहात त्याच्या कमरेच्या खालच्या हाडावर हलकेच टेकवा, आणि ते हाड हाताखाली वर येऊ लागले की तिथेच थांबून अंतर मोजा. उजवा आकडा कदाचित ११ ऐवजी १४ निघेल. त्याने निराश होऊ नका, तो आकडा खरा असेल आणि नोंद त्याच्यापासूनच सुरू करायची आहे. ताण मांडीच्या पुढच्या बाजूला जाणवायला हवा. गुडघ्याच्या आत दुखले किंवा गुडघा सरकल्यासारखा वाटला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. आठवड्यातून एकदाच मोजा, शक्यतो ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी.

निरभ्र :

आत्ताच मोजले. १३ आहे. वहीत ११ वर काट मारून त्याने १३ लिहिले.